डाव्या कप्प्याची भिंत

१

त्रेचाळीस हृदयांपैकी बेचाळीस शहाण्यासारखी वागत होती. उरलेल्या एकाने मोजणीबाईंना वैताग आणला होता.

मोजणीबाई हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नको. पण विभागात सगळे त्यांना तेच म्हणत, आणि त्यांनीही चिडून चिडून शेवटी ते पत्करलं होतं. अकरा वर्षं त्या एकच काम करत होत्या. रानटी मांसभक्षकांची हृदयं बरणीतून काढायची, नळाखाली धुवायची, मोजायची, आकडा लिहायचा, परत बरणीत ठेवायची. लांडगा, कोल्हा, तरस, अस्वल, बिबट्या, पाणमांजर, सील. कुणाचं लिंबाएवढं, कुणाचं नारळाहून मोठं. काम त्यांच्या सरांनी सुरू केलं होतं. सर दोन वर्षांपूर्वी वारले आणि अर्धवट पुस्तक बाईंच्या गळ्यात पडलं. येत्या शुक्रवारी ते छापखान्यात जायचं होतं.

पद्धतही सरांचीच. प्रत्येक हृदय तीन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं, तिन्ही आकड्यांची सरासरी काढायची आणि पुस्तकात फक्त सरासरी छापायची. माणसाचा हात आहे, थोडं इकडेतिकडे होणारच, असं सर म्हणत.

सोमवारी सकाळी बरणीकाकांनी ट्रे आणून टेबलावर ठेवला. बरण्या धुणं, फॉर्मलिन बदलणं आणि झाकणं घट्ट बसली म्हणून कुरकुरणं हे काकांचं तीस वर्षांचं काम.

"ही घ्या, तुमची सत्तावीस," काका म्हणाले.

"माझी कशाला? संग्रहालयाची आहे ती."

"तेच ते."

काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. इतर बरण्यांना ते 'लांडगा', 'तरस' असं रीतसर नाव घेऊन आणत. सत्तावीस नंबरला मात्र पूर्वी 'सरांची' म्हणायचे, आता 'तुमची' म्हणत. बाईंनी अनेकदा सांगून पाहिलं आणि नाद सोडून दिला.

त्यांनी हातमोजे चढवले आणि हृदय धुऊन ओल्या फडक्यावर ठेवलं. त्याच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीत सरांनी फार पूर्वी एक चौकोनी खिडकी कापून ठेवली होती. कॅलिपरचा एक जबडा आत, एक बाहेर, आणि तबकडीवरचा काटा सांगेल ती भिंतीची जाडी. गुरुवारी चौदा पूर्णांक दोन मिलिमीटर आली होती. आज काटा अकरावर थांबला.

"अरे देवा," मोजणीबाई म्हणाल्या. घाबरून नव्हे, वैतागून. आता हे निस्तरायचं कुणी?

२

आधी त्यांनी कॅलिपरवर आळ घेतला. तपासणीचा पोलादी ठोकळा मोजला, आकडा बरोब्बर आला. मग स्वतःच्या चष्म्यावर घेतला. मग काकांवर.

"काका, गुरुवारनंतर या बरणीत काय ओतलंत?"

"जे बाकीच्यांत ओततो तेच."

"नीट आठवा."

"बाई, तीस वर्षं तेच ओततोय. आठवायचं काय त्यात?"

मंगळवारी भिंत पुन्हा चौदा पूर्णांक दोन. बुधवारी सकाळी अकरा. संध्याकाळी घरी निघताना, पर्स खांद्याला असतानाच त्यांनी पुन्हा मोजली. चौदा पूर्णांक दोन. शेजारचं तरस मोजलं, पलीकडची लांडगीण मोजली. दोन्ही जागच्या जागी. फॉर्मलिनमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं हृदय जुन्या चपलेच्या टाचेसारखं घट्ट असतं. ते सुजत नाही, आकसत नाही, त्याला काही म्हणजे काही होत नाही. हे बाई दरवर्षी पहिल्या वर्गाला शिकवायच्या, आणि पोरं ते परीक्षेत लिहायची.

शिवाय हे नक्की कुणाचं हृदय हेही धड माहीत नव्हतं. चिठ्ठीवर सरांच्या आधीच्या कुणाच्या तरी अक्षरात 'मोठं मांसभक्षक, रानातून' एवढंच. महाधमनीच्या कमानीतून दोनच फांद्या निघत होत्या, म्हणजे माणसाचं नव्हे, माणसात तीन असतात. सीलसारखं पसरट नव्हतं. सर सांगत, दबा धरून झडप घालणाऱ्यांचं हृदय अंगाच्या मानाने लहान असतं. वाघ, सिंह, बिबट्या, त्यांना एकदाच जोर लावायचा असतो. मोठं हृदय असतं ते मागे लागणाऱ्यांचं, लांडग्याचं, तरसाचं. ते घाई करत नाहीत. शिकार दमेपर्यंत मागून चालत राहतात.

सत्तावीसचं हृदय यादीतल्या सगळ्या लांडग्या-तरसांच्या कितीतरी पुढे होतं.

बाहेरच्या बोळातून कुणीतरी सावकाश चाललं होतं. काकांच्या रबरी चपला, असं म्हणून बाईंनी वर न पाहता आकडा लिहिला. मग त्यांच्या लक्षात आलं की काका त्यांच्या पाठीमागे मोरीशी बरण्या विसळत उभे आहेत. विद्यार्थी असेल. या विद्यार्थ्यांना पाय उचलून चालायला काय होतं, कुणास ठाऊक.

३

विभागप्रमुखांना सगळे 'दोनमिनिटे' म्हणत, कारण ते कुणालाही दोन मिनिटांहून जास्त वेळ देत नसत आणि स्वतः मात्र अर्धा तास बोलत.

"सत्तावीस गाळून टाका," दोनमिनिटे म्हणाले.

"गाळता येत नाही. सरांचा सगळा आलेख त्या एका टोकावर उभा आहे. ते काढलं तर पुस्तकात राहिलं काय?"

"मग सरासरी घ्या. त्यासाठीच असते ती."

"चौदा आणि अकराची सरासरी? ती जाडी त्या भिंतीची कधी नव्हतीच! कपाळ माझं."

दोनमिनिट्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि आवाज मऊ केला. त्यांचा आवाज मऊ झाला की समोरच्याने सावध व्हावं. "हे बघा, राग मानू नका. नियमाप्रमाणे दुसऱ्या निरीक्षकाकडून मोजून घ्या. त्याला तुमचे आकडे दाखवायचे नाहीत. त्याचे स्थिर आले, तर प्रश्न बरणीचा नाही, हाताचा आहे. आणि हाताचा असेल तर फक्त सत्तावीसचा राहत नाही. मग त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दुसऱ्या कुणालातरी मोजावी लागतील, आणि पुस्तकावर नावही त्याचंच येईल. माझा नाइलाज आहे."

अकरा वर्षं.  बाई उठल्या आणि दार जरा जास्तच जोरात लावलं.

दुसरा निरीक्षक त्यांना शोधावा लागला नाही. त्यांची सख्खी धाकटी बहीण गुरांची डॉक्टर होती. हात दगडासारखा स्थिर, आणि आकडे लपवून खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं. मोजणीबाईंनी फोन केला.

"उद्या ये. आणि नेहमीसारखी उशिरा येऊ नकोस."

"ताई, अगं, मी केव्हा उशीर केला?"

"जन्मायलाच केलास. सात वर्षं वाट पाहिली मी."

४

धाकटी गुरुवारी वेळेवर आली, हेच आधी नवल. बूट चिखलाने भरलेले होते, कारण येताना तिने एका अडलेल्या गाईची सुटका केली होती. तिने सत्तावीस मोजलं. थोडं थांबून पुन्हा, मग दुपारी तिसऱ्यांदा. मधल्या वेळांत मोजणीबाईंनी मोजलं, पाठ फिरवून, आकडा हाताने झाकून. मग दोघींनी कागद शेजारी शेजारी ठेवले.

धाकटीचे : चौदा पूर्णांक दोन, चौदा पूर्णांक दोन, चौदा पूर्णांक दोन.

मोजणीबाईंचे : अकरा, चौदा पूर्णांक दोन, अकरा.

 मोरीचा नळ ठिबकत होता. तो दुरुस्त करायचा अर्ज बाईंनी तीनदा दिला होता.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "हात दाखव बघू."

"काही नको."

"दाखव गं."

तिने मोजणीबाईंचा उजवा हात घेतला, बोटं सरळ केली, उजेडाकडे धरली. आईचे हात असेच धरायची ती, शेवटच्या वर्षांत, आईला वाटीतलं दूध सांडल्याशिवाय पिता येईना तेव्हा. दोघींना एकाच वेळी ते आठवलं, आणि दोघींनाही ते एकमेकींच्या तोंडावर दिसलं.

"थरथरत नाहीये," मोजणीबाई म्हणाल्या.

"आत्ता नाही. पण आईचंही सुरुवातीला असंच होतं. कामाच्या वेळीच व्हायचं. पुढच्या आठवड्यात आपण डॉक्टरकडे जाऊ. मी येते बरोबर."

"तू गाईम्हशी बघ. माझं मी बघेन."

"ताई, मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

"भल्यासाठीच सांगतात सगळे!" बाई ओरडल्या, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली.  धाकटीने हात सोडायच्या आधी तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळला.

"गार पडलाय किती," ती म्हणाली.

"फॉर्मलिनचा आहे. गार असणारच."

५

धाकटी गेल्यावर मोजणीबाईंनी सरांचं कपाट उघडलं. मनातल्या मनात त्या तिच्याशी भांडतच होत्या. सरांच्या कच्च्या वह्या काढायच्या, सत्तावीसचे त्यांचे मूळ आकडे दाखवायचे आणि हा विषय संपवायचा. छापील तक्त्यांत फक्त सरासरी होती, कच्च्या वह्या कुणी कधी पाहत नसे. बाईंनीही सरांच्या मागे त्या उघडल्या नव्हत्या.

वही तिसरी, पान शेवटून सातवं. सरांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. तारीख, वेळ, जाडी.

चौदा पूर्णांक दोन. अकरा. चौदा पूर्णांक दोन. अकरा.

आधी दिवसाला एक आकडा. पुढच्या पानावर सकाळ-संध्याकाळ. मग तासातासाने. वेळा जवळ जवळ येत गेल्या होत्या आणि आकडा दर खेपेला उलटत होता. शेवटच्या पानावर सरांनी मिनिटं लिहिली होती, आणि सर्वांत खाली सेकंद. समासात फक्त एक ओळ : 'हा वेग वाढतो आहे. कशाचा?'

त्याला लागून दुसऱ्या निरीक्षकाचा रकाना होता. त्यात पहिल्या पानापासून चौदा पूर्णांक दोन, चौदा पूर्णांक दोन, एकदाही न चुकता. अक्षर मोजणीबाईंचं स्वतःचं. आणि खाली लाल पेन्सिलीने, तेही त्यांच्याच अक्षरात : 'पहिल्या निरीक्षकाचा हात स्थिर नाही. सरासरीच घ्यावी.'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांना सगळं आठवलं. अशीच दुपार होती. त्यांनी सरांना समजावलं होतं, आवाज मऊ करून, सर, राग मानू नका, तुमच्या भल्यासाठीच सांगतेय.  सरांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, आणि हसले होते. बाईंना तेव्हा वाटलं होतं, सरांनी किती मोठ्या मनाने घेतलं.

पान उलटलं तर मागे एकच ओळ होती. दुसऱ्या दिवसाची तारीख, वेळ दहा चाळीस. सरांचा रकाना रिकामा. दुसऱ्या निरीक्षकाचा : अकरा.

हे त्यांना कसं आठवलं नाही? त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांना स्वतःला अकरा मिळाली होती. कॅलिपर बिघडला म्हणून त्या चरफडत होत्या, तेवढ्यात फोन आला. सर घरी बूट घालायला खुर्चीवर बसले आणि उठलेच नाहीत. साडेदहाला.

बोळातून कुणीतरी गेलं. सावकाश, न थांबता. या वेळी बाईंनी वर पाहिलं. दाराच्या काचेपलीकडे कुणी नव्हतं.

६

शुक्रवार उजाडला तो लख्ख उन्हाचा. खिडकीतून आलेलं ऊन थेट टेबलावर पडलं होतं, बरण्यांमधली हृदयं चहाच्या रंगाची दिसत होती, आणि अशा उजेडात कालची आपली अवस्था बाईंना हास्यास्पद वाटली. त्यांनी स्वतःला झापलं. दोन निरीक्षक, दोघांचाही हात वयाने थकलेला, बाकी योगायोग. योगायोगाला कुणी घाबरतं का? बारा वाजता छापखान्याचा माणूस यायचा होता, धाकटी साडेअकराला शेवटची मोजणी करायला यायची होती. काका फॉर्मलिन आणायला खाली कोठारात गेले होते. बाई एकट्याच होत्या.

त्यांनी सत्तावीस काढलं, कॅलिपर लावला, आणि या खेपेला तो उचलला नाही. तसाच राहू दिला. हातही काढून घेतले आणि मांडीवर ठेवले.

काटा चौदाच्या पुढे उभा होता. मग तो सरकायला लागला. सावकाश, कुणी पाहतंय याची पर्वा नसल्यासारखा, तेरा, बारा, अकरा. थांबला. आणि परत फिरला. कॅलिपरचे जबडे त्या भिंतीवर अलगद उघडत होते. त्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

"म्हणजे माझा हात नाही," मोजणीबाई मोठ्याने म्हणाल्या. भीती वाटायच्या आधी त्यांना राग आला. "सरांचाही नव्हता! आणि मी..."

बोळातली पावलं दाराशी आली आणि थांबली.

दाराच्या खालच्या काचेवर, साधारण गुडघ्याच्या उंचीला, वाफेचा एक गोल उमटला. बशीएवढा. तो विरला, पुन्हा उमटला. काट्याकडे न पाहताही बाईंना कळलं की दोन्हींचा ताल एकच आहे. कुणाचं तरी कुत्रं आत शिरलं असणार. पहारेकरी झोपा काढतो नुसता. त्या तिरीमिरीत उठल्या, टेबलावरचं कोरडं फडकं घेतलं आणि वाकून काच पुसली.

वाफ पुसली गेली. फडकं ओलं झालं. म्हणजे ती काचेच्या आतल्या बाजूला होती.

बाई वाकलेल्याच राहिल्या. मागे वळून बघायचं की नाही, याचा त्यांनी विचार केला. खोलीत त्यांच्या मागे टेबल होतं, खुर्ची होती, त्रेचाळीस बरण्या होत्या, आणि मोकळी जागा फारशी नव्हती. पोटरीला काहीतरी कोमट लागलं. घाई नसलेलं.

त्या वळल्या नाहीत. सरळ झाल्या, बाजूबाजूने पाऊल टाकत खुर्चीपाशी आल्या, बसल्या आणि पुस्तकाचे तक्ते पुढे ओढले. धाकटी यायला पंचवीस मिनिटं होती. सत्तावीसपुढची सरासरी त्यांनी खोडली. सरांचे सगळे कच्चे आकडे वेळांसकट उतरवले, खाली स्वतःचे. आणि तळाला लिहिलं : 'पहिल्या निरीक्षकाचा हात स्थिर होता. चूक दुसऱ्या निरीक्षकाची, म्हणजे माझी.' सही केली. अक्षर छान आलं, कुठेही हललं नाही. छाती एकदम हलकी झाली. दोन वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

७

डोळे उघडले तेव्हा काका ट्रे घेऊन आत येत होते, मागून धाकटी. तिने मोजणीबाईंकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं आणि काकांना खुणावलं, हळू, झोपू द्या जरा. रात्रभर जागली असेल.

झोपले नाहीये, असं बाईंना म्हणायचं होतं. पण इतकं शांत वाटत होतं की तोंड उघडायचाही कंटाळा आला. राहू दे. नाहीतरी या विभागात त्यांचं कोण ऐकतं?

काकांनी सत्तावीस नंबरचं हृदय उचलून नव्या फडक्यावर ठेवलं आणि ट्रे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, धाकटीपुढे सरकवला.

"ही घ्या बाई," काका म्हणाले, "तुमची सत्तावीस."

मोजणीबाईंना चीड आली. तीस वर्षं झाली, या माणसाला एक साधी गोष्ट नीट बोलता येत नाही. संग्रहालयाची आहे ती, काका, संग्रहालयाची.

धाकटीने हातमोजे चढवले. एक जबडा आत, एक बाहेर. तिचा हात दगडासारखा स्थिर होता. ती तबकडीवर वाकली, भुवया चढवल्या, कॅलिपर काढून पुसला, पुन्हा लावला.

"ताई," नजर न उचलता ती म्हणाली, "गंमतच आहे बघ. आज मला अकरा येतेय."

बोळात सगळं शांत होतं. मोजणीबाईंनी डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली. काही लागेना. बोटं जरा वर सरकवली. मग खाली. मग गळ्याशी, जबड्याच्या कोपऱ्याखाली, जिथे ती कधीच चुकत नाही. आकडे लिहायचे राहिले होते, छापखान्याचा माणूस दारात येईल, धाकटीला ते फडक्यावरचं सोडून दे म्हणून ओरडून सांगायचं होतं, आणि नेमकी आत्ताच ही नाडी सापडत नव्हती.

"ताई?" धाकटीने मान वर केली.